ड्रिप नव्हे, डिप

लेकीचा फोन आला तेव्हा मी पतसंस्थेच्या काउंटरवर होतो आणि समोर ठेवीची पावती बदलायला आलेले एक बागायतदार उभे होते. लेक पुण्यात हिंजवडीला नोकरी करते. ती म्हणाली, "पप्पा, या वेळच्या हुरड्याला तुम्ही डिप करा." मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून मी जरा मोठ्यानंच विचारलं, "काय करू? डिप?"

बागायतदारांनी पावतीवरून मान वर केली. "ड्रिप करताय व्हय? करून टाका साहेब. पर सोळा एमएमची नळी घिऊ नका, वीसची घ्या. आन् फॉर्म आधी भरा, न्हाईतर सबसिडी अडकती."

मागच्या रांगेतून आणखी एक आवाज आला, "कंपनी कंची?"

बारामती-इंदापुरात हे असंच चालायचं. इथं पाऊस कमी आणि ऊस जास्त. हे उलटं गणित आम्ही १८८५ पासून नीरा डाव्या कालव्याच्या जिवावर सोडवत आलो, आणि कालवा पुरेना तेव्हा ठिबकच्या नळ्या अंथरल्या. आता तर बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रानं उसाला एआयसुद्धा जोडलं आहे. कुठल्या सरीला किती पाणी पाहिजे, ते शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतं. अशा मुलखात भर दुपारी, चारचौघांत ‘डिप’ म्हणणं म्हणजे आळंदीच्या वाटेवर ‘माउली’ म्हणण्यासारखं आहे. दहा जण वळून बघणारच. पण त्या एआयला उसाची तहान कळत असली, तरी गाजर कशात बुडवून खायचं हे त्यानं आम्हाला अजून सांगितलेलं नव्हतं. ती जबाबदारी माझ्यावर आली.

तर डिप. लेकीच्या म्हणण्याप्रमाणे डिप म्हणजे घट्ट, मऊ, सायीसारखं काहीतरी असतं. त्यात हिरवा पाला बारीक चिरून घालतात आणि चार माणसं जमली की मधोमध ठेवतात. मग गाजर, काकडी, चिप्स, जे हाताला लागेल ते त्यात बुडवून खातात. "एकदम सोपंय पप्पा. दहा मिनिटांत होतं. नुसतं मिक्स करायचं."

नोकरीत माझी तीस वर्षं गेली. ‘नुसती सही करायची’ असं सांगून लोकांनी माझ्यापुढे काय काय ठेवलेलं आहे ते मला माहीत आहे. ‘नुसतं’ ऐकलं की माझा हात आपोआप चष्म्याकडे जातो.

हुरडा दरवर्षी जानेवारीत माझ्या सासुरवाडीला असतो. सासुरवाडी इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीच्या बाजूला. निमगाव तसं पानमळ्यांसाठी प्रसिद्ध, पण सासऱ्यांचं रान जरा वर, माळाला. तिथं एका तुकड्यात ते अजूनही हट्टानं हुरड्याची ज्वारी पेरतात. या वर्षी लेक ऑफिसातल्या चार जणांना घेऊन येणार होती. सकाळी कुंभारगावला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघायचे आणि तिथून थेट हुरड्याला यायचं, असा बेत. लेकीनं आधी आईला फोन केला होता हे मला नंतर कळलं. आईनं सरळ सांगितलं होतं, "मी भाकऱ्या थापायच्या, भरीत करायचं, पिठलं करायचं, आणि वर हे? सोपं आहे ना? मग तुझ्या पप्पांना सांग. सोपी कामं त्यांच्याकडे असतात."

कृती मोबाइलवर आली. क्रीम चीज, सावर क्रीम, डिल, चाइव्हज, पार्सली, लसणाच्या दोन पाकळ्या, मीठ, मिरपूड. यादी वाचून झाल्यावर मला त्यातला लसूण आणि मीठ ओळखीचं वाटलं.

पहिल्यांदा क्रीम चीज. आमच्या एमआयडीसीत डायनॅमिक्सची मोठी डेअरी आहे, तिथं चीज बनतं. पोरं ज्या किंडर जॉयसाठी दुकानात लोळण घेतात तोही बारामतीतच बनतो. एवढं सगळं गावात बनत असताना क्रीम चीज काय, कोपऱ्यावर मिळेल, अशा समजुतीत मी किराणा दुकानात गेलो. दुकानदारानं चीजच्या स्लाइसचं पाकीट पुढं केलं आणि म्हणाला, "हे चीज. क्रीम वेगळं घ्यावं लागेल. अंगाला लावायचं का तोंडाला?"

सावर क्रीम म्हणजे आंबवलेली साय, हे मी वाचून काढलं. म्हणजे विरजलेली साय. आमच्या घरी ती दर आठवड्याला असते, पण तिचं लोणी निघतं आणि लोण्याचं तूप. तुपाच्या वाटेवर निघालेल्या सायीला मध्येच गाठून गाजरं बुडवायची, ही कल्पना मी बायकोपुढे मांडली नाही. संसार टिकवायचा असतो.

मग मंडईत गेलो. ठरलेल्या मावशींच्या पालापाचोळ्यापुढे उभा राहिलो आणि विचारलं, "मावशी, पार्सली आहे का?"

"पार्सल न्हाई देत आपुन," मावशी म्हणाल्या. "पिशवी आनलीय का घरनं?"

मी चाइव्हजचा फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, कांद्याची पात. मी म्हटलं, नाही, ही जरा बारीक असते. त्या म्हणाल्या, मग बारीक कांद्याची पात. वाद मिटला. मग मी डिलचा फोटो काढला. स्क्रीनवर ती नाजूक, पिसासारखी हिरवी पानं होती, मागे पांढरा संगमरवर आणि बाजूला कापलेलं लिंबू. मावशींनी फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. शिकलेल्या माणसाची कीव यावी तसं.

"साहेब, ही शेपू हाय."

मी फोन जवळ घेऊन नीट बघितला. शेपूच होती.

इथं मला थांबून थोडं आत्मचरित्र सांगावं लागेल. शेपूचं आणि माझं वैर वयाच्या चौथ्या वर्षापासूनचं आहे. शेपूची भाजी मूगडाळ घालून ताटात वाढली की मी तोंड मिटून घेत असे, आणि आई दोन बोटांनी गाल दाबून ते उघडत असे. आमच्या बारामतीत कऱ्हेच्या काठी मोरोपंत राहिले. १७९४ साली ते गेले, पण जाण्याआधी त्यांनी एकशे आठ रामायणं रचली असं सांगतात. त्यातलं एक निरोष्ठ रामायण. म्हणजे म्हणताना ओठाला ओठ कुठं लागत नाही, प-फ-ब-भ-म वर्ज्य. शेपूत ‘प’ आहे, तेव्हा किमान त्या एका रामायणात तिला प्रवेश नाही. हे रामायण मला म्हणूनच फार आवडतं. वाचलेलं नाही, पण आवडतं.

शेपूचा खरा गुन्हा तिच्या चवीत नसून तिच्या चिकाटीत आहे. बाकीच्या भाज्या खाल्ल्या की संपतात. शेपू दुपारी खाल्ली तर संध्याकाळी साडेपाचला, ऐन मीटिंगमध्ये, चेअरमनसाहेब बोलत असताना ढेकरेतून आपली हजेरी लावते. आणि विनोद असा की जिच्याशी माझं असं वैर, तिच्याच जिवावर मी वाढलो. मी तान्हा असताना आईला बाळंतशेप खायला घातली होती, दूध यावं म्हणून. बाळंतशेप म्हणजे शेपूचं बी. पोट दुखून रडायला लागलो की मला ग्राइपवॉटर पाजायचे. विल्यम वुडवर्ड नावाच्या इंग्रज औषधवाल्यानं १८५१ साली नॉटिंगहॅमला ते काढलं, आणि त्यात मुख्य काय, तर शेपूचं तेल. म्हणजे मला दात यायच्या आधी दोन्ही बाजूंनी शेपू चालू होती. दात आल्यावर मी बंड केलं.

हे बंड आनुवंशिक निघालं. लेक लहानपणी शेपू ताटाखाली लपवायची. एकदा तिनं ती देवघरात समईच्या मागे ठेवली होती आणि चार दिवस आम्ही घरात काय वाळतंय ते शोधत होतो. तीच लेक आता मला सांगत होती, "डिल मस्ट आहे पप्पा. डिलशिवाय डिपला अर्थ नाही."

मी काही बोललो नाही. एक जुडी घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि स्कूटरच्या डिकीत घातली.

क्रीम चीजचा प्रश्न बायकोनंच सोडवला, तोही वांगी निवडता निवडता, वर न बघता. "चक्का टांगा की. श्रीखंडाला टांगतो तसा. साखरेऐवजी मीठ घाला, झालं तुमचं क्रीम चीज." आम्ही शुक्रवारी संध्याकाळीच सासुरवाडीला पोचलो. मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, गोठ्यात सहा संकरित गाई आहेत आणि एक म्हैस. गाईंचं दूध डेअरीला, म्हशीचं घराला. त्या भागातल्या जाणत्या घरांतून अशीच वाटणी असते. मामींनी म्हशीच्या दुधाचं तीन किलो दही लावून ठेवलं होतं. मी ते धुतलेल्या पंच्यात बांधलं, पडवीतल्या खुंटीला गाठोडं अडकवलं आणि खाली पातेलं ठेवलं. दह्याचं पाणी थेंब थेंब पडू लागलं. टप... टप... टप.

मामा पलंगावरून उठून आले. गाठोड्यासमोर उभे राहिले. थोडा वेळ नुसते ऐकत राहिले.

"पोरगी फोनवर ड्रिप म्हणत हुती, ती हीच का?"

"ड्रिप नाही मामा, डिप."

"मग हे काय चाललंय?" त्यांनी थेंबाकडे बोट केलं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामांनी घड्याळ काढलं आणि मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजलं. "ताशी अर्धा लिटर बी न्हाई. दाब कमी हाय, पाव्हणं. गाठ वर घ्या." मी गाठ वर घेतली. त्यांनी पुन्हा मोजलं आणि समाधानानं झोपायला गेले. रात्रीतून दोनदा उठून त्यांनी पातेल्याची पातळी बघितली, असं मामींनी सकाळी सांगितलं.

सकाळी वजनकाटा काढला. तीन किलो दह्याचा सव्वा किलोच्या आत-बाहेर चक्का उतरला होता. दुधाच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हे सहन होण्यासारखं नव्हतं. "पावणेदोन किलू घट?" मामांचा आवाज चढला. "डेअरीनं शंभर गिराम इकडं-तिकडं केलं तर मी चेअरमनच्या घरी जाऊन बसतो, आन् तुम्ही घरातल्या घरात पावणेदोन किलू घालवलं?" मामींनी मध्ये पडून सांगितलं की घालवलं नाही, पाणी पातेल्यात आहे आणि आजच्या भाकरीचं पीठ त्यातच भिजणार आहे. मामा पाणी ओतून वजन करायला निघाले होते. पीठ त्याआधी भिजलं म्हणून वाचलो.

आता मिक्स करायचं. ‘नुसतं’ मिक्स करायचं. मी अर्धा चक्का, पात, शेपू आणि कोथिंबीर मिक्सरच्या भांड्यात घातली आणि बटण फिरवलं. झाकण काढलं तर आत हिरवं ताक. चक्का मिक्सरमध्ये फिरला की पातळ होतो, पाल्याचा रस सुटतो, आणि वर पाला मी धुऊन तसाच ओला टाकला होता. रात्रभर टपटप करून घालवलेलं पाणी मी पाच सेकंदांत परत आणलं होतं. मामींनी त्यात जिरं घालून ते मेव्हण्याला प्यायला दिलं. तो शेतातून आला होता. त्यानं ते एका दमात पिऊन ‘दाजी, भारी’ असं सांगितलं. त्याला भूक लागली की सगळंच भारी असतं.

दुसऱ्या खेपेला अक्कल आलेली होती. पाला धुऊन कोरड्या धोतराच्या तुकड्यावर तासभर पसरला. मग विळीवर बारीक, अगदी बारीक चिरला. चक्का चमच्यानं घोटून मऊ केला, त्यात दोन चमचे साय (मामींकडून, बायको गोठ्यात गेली असताना), पाला, मीठ, मिरपूड आणि लिंबाचे चार थेंब घातले. लसणाच्या बाबतीत मात्र माझी चूक झाली. कृतीत दोन पाकळ्या होत्या. दोन पाकळ्या लसूण ही आमच्याकडे चेष्टा समजली जाते. मी गावरान लसणाच्या आठ पाकळ्या ठेचून घातल्या. लगेच चव घेतली तर काही विशेष नाही. पण कच्चा ठेचलेला लसूण हा गप्प बसलेल्या पाहुण्यासारखा असतो, रात्रीतून वाढतो. रविवारी सकाळी फ्रिज उघडला तेव्हा दह्याची बाटली, आमटीचं भांडं आणि गाईचं इंजेक्शन या सगळ्यांना लसणाचा वास होता. उरलेला चक्का सगळा त्यात ओतून मी ती धार कमी केली.

हे सगळं चालू असताना मामी चुलीपाशी बसून भाकरी थापत होत्या. पहिल्या दिवशी मी वर्तमानपत्रातली जुडी बाहेर काढली, तेव्हाच त्यांनी मान न वळवता विचारलं होतं, "शेपू इकत कशापायी आनली? परसात वाफा हाय की." मी घाईघाईनं त्यांना सांगितलं की ही शेपू आहे हे नातीला कळता कामा नये. मामींनी मला एकच प्रश्न विचारला, "मग तिला काय सांगायचं?" मी म्हटलं, डिल. मामींनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला आणि मग त्या इतक्या हसल्या की तव्यावरची भाकरी करपली.

रविवारी दहा वाजता पोरं आली. रोहित पक्षी बघून आल्यामुळे सगळ्यांच्या तोंडी तेच. लेकीची एक मैत्रीण मामांना सांगत होती की हे पक्षी डोकं उलटं करून चोच चिखलाच्या पाण्यात बुडवतात आणि गाळून खातात. मामा म्हणाले, "तुमच्यासारखंच म्हना की." त्यांना डिपची कल्पना तोवर पक्की समजली होती.

आगटी पेटली होती. खड्ड्यात गोवऱ्यांचा निखारा, त्यात खुपसलेली कणसं. मेव्हणा भाजलेलं कणीस गरम गरम तळहातावर चोळून दाणे काढत होता. सोबत शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, गूळ, दही, रेवड्या, मळ्यातली गाजरं, काकडी, मुळा. बायकोनं आदल्या दिवशीच्या भाकऱ्या वाळवून कडक केल्या होत्या, त्यांचे तुकडे. आणि या सगळ्याच्या मध्यभागी, मामींच्या लग्नातल्या पितळी परातीत पांढऱ्या वाडग्यात, माझं डिप.

एका मुलानं गाजर उचललं, बुडवलं, अर्धं खाल्लं आणि उरलेलं अर्धं पुन्हा बुडवायला नेलं.

मामींचा हात हवेतच थांबला. परातीभोवती बसलेल्या आमच्याकडच्या सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सोवळं-ओवळं कुणी फारसं पाळत नाही आता, पण उष्टं ते उष्टंच. जगभर या पदार्थासाठी माणसं एकत्र जमतात असं लेकीनं सांगितलं होतं. एकमेकांचं उष्टं खाण्याइतकी जवळीक तिथं असते, ही माहिती तिनं दिली नव्हती. मामी काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, पळसाच्या पानांचे द्रोण आणले आणि प्रत्येकाच्या पुढ्यात एकेका द्रोणात डिप वाढलं. वाडगा त्यांनी स्वतःजवळ ठेवला आणि वर पदर झाकला.

मग लेकीनं काकडी बुडवली. मी आगटीत काठी ढवळत होतो, पण माझं लक्ष तिकडंच होतं. तिनं डोळे मिटले.

"पप्पा! हे ऑथेंटिक आहे! डिल कुठं मिळालं तुम्हाला बारामतीत?"

"मिळालं," मी म्हटलं. "ओळखीचे आहेत एक जण."

बाकीची पोरंही तुटून पडली. ‘अंकल, रेसिपी’ वगैरे सुरू झालं. हुरड्याच्या दाण्यांवर डिप घालून खाण्याचा शोध त्यांनी लावला, आणि मला सांगायला हरकत नाही, तो खरोखर चांगला शोध आहे. कोवळ्या गोड दाण्याला त्या आंबट-खारट सायीची संगत जमते. कडक भाकरीचा तुकडा तर चिप्सच्या थोबाडीत मारेल असा लागला. मी स्वतः ते खाल्लं का, असं कुणी विचारू नये.

त्यातला एक मुलगा सगळं माहीत असणाऱ्यांपैकी होता. त्यानं सांगायला सुरुवात केली की अमेरिकेत अशा डिपचा राजा म्हणजे रँच. स्टीव्ह हेन्सन नावाच्या माणसानं अलास्कात काम करताना तिथल्या कामगारांसाठी ताक, मेयोनीज आणि पाला घालून ते पहिल्यांदा केलं. मग १९५४ साली त्यानं कॅलिफोर्नियात सांता बार्बाराजवळ जागा घेतली, तिचं नाव ठेवलं हिडन व्हॅली रँच. पाहुणे यायचे, जेवायचे आणि जाताना ते बरणीत भरून मागायचे. पुढं तो मसाला पुड्यांतून पोस्टानं पाठवायला लागला, आणि १९७२ साली एका मोठ्या कंपनीनं ते नाव विकत घेतलं.

"रँच म्हंजी काय?" मामांनी विचारलं.

"गुरंढोरं असलेली मोठी शेती, आजोबा."

"म्हंजी मळा," मामा म्हणाले. "गावठी चटनी." आणि मग, हाताखालच्या माणसाची माहिती काढावी तसं, "मळा घ्यायच्या आधी त्यो अलास्कात करत काय हुता?"

"प्लंबर होता."

मामा ताठ बसले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे, मग मेव्हण्याकडे, मग परत माझ्याकडे. "पायपाचा मानूस!" ते म्हणाले. "मी पैल्यापास्नं काय सांगत हुतो? ड्रिपवालाच त्यो!"

त्यानंतर डिप त्यांचं झालं. शेजारच्या मळ्यातले दोघे हुरड्याला आले तेव्हा मामांनीच त्यांना ते समजावून सांगितलं. कसं टांगायचं, दाब किती ठेवायचा, घट किती धरायची. एकानं विचारलं, "फॅट किती लागतंय ह्याला?" आणि चर्चा खऱ्या अर्थानं सुरू झाली. आमच्याकडे डेअरी साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफला मूळ दर धरते, त्याच्या खाली गेलं की पैसे कापतात. त्यामुळे दूध, दही, लस्सी, पेढे, लग्नातली बासुंदी, सगळ्याला माणसं मनातल्या मनात फॅट लावत असतात. डिपला सोळा लागेल, अठरा लागेल, यावर दोन मळ्यांत मतभेद झाले. साय घातली हे मी कबूल केल्यावर ‘मग ते धरायचं न्हाई, भेसळ हाय’ असाही एक मुद्दा निघाला. पोरं तोवर उसाच्या फडात फोटो काढायला गेली होती.

संध्याकाळी वाडग्याच्या तळाशी बरंच शिल्लक होतं. मामींना टाकून देणं माहीत नाही. त्यांनी त्यातलं एक वाटीभर मामांच्या हुकमावरून डब्यात काढून ठेवलं, उरलेल्यात पाणी घालून घुसळलं, बेसन लावलं, वरून मोहरी-हिंगाची फोडणी दिली आणि कढी केली. रात्री पानं वाढली. लेकीनं पहिला भुरका मारला आणि वाटीत बघितलं.

"आज्जी, हे हिरवं काय आहे?"

मामी खोटं बोलत नाहीत. सकाळी त्यांना कुणी विचारलं नव्हतं म्हणून त्या गप्प होत्या. "शेपू," त्या म्हणाल्या.

"शी! शेपू?" लेकीनं वाटी दूर सारली. "सगळी कढी घालवलीस आज्जी. सकाळचं ते डिल एवढं छान होतं!"

मामींनी माझ्याकडे बघितलं. मी भाकरीकडे बघितलं. बायकोला पदर तोंडावर धरून उठावं लागलं. लेकीची वाटी ओढून घेऊन ती कढी कुणी प्यायली, ते पंक्तीतल्या कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही. रात्री दहाला मला ढेकर आली आणि मी अंगणात जाऊन आलो.

सोमवारी पहाटे साडेपाचला मामा किटल्या मोटारसायकलला अडकवून संकलन केंद्रावर निघाले, तेव्हा हँडलला एक छोटा स्टीलचा डबाही लटकत होता. मला वाटलं, चहाची साखर असेल. तासाभरानं परत आले ते गाडी बंद करायच्या आधीच हाका मारत.

"पाव्हणं! ओ पाव्हणं!"

मी तोंडात ब्रश घेऊन बाहेर आलो. मामांनी डबा उघडून दाखवला. डिपच्या मधोमध एक गोल, खोल भोक होतं.

"मशीनला लावा म्हनलं, तर त्ये पोरगं म्हनलं, पाला अडकंल, मशीन जाईल. म्हनलं, ऱ्हाऊ दे मशीन, लॅक्टोमीटर घाल." मामांचा आवाज भरून आला होता. पन्नास वर्षं दूध घालताना, पाणी घातलं का नाही या एका प्रश्नासाठी माणसं त्या काचेच्या नळीकडे श्वास धरून बघत असतात. "रांगेतली समदी मानसं जमा झाली. पोरानं लॅक्टोमीटर सोडला."

"मग?"

"हुबा ऱ्हायला," मामा म्हणाले. "दाबला तवा आत गेला, न्हाईतर हालना. बुडलाच न्हाई, पाव्हणं!"